पाळी २९ ते ५२ दिवसांनी येते: अंडं नेमकं कधी फुटलं हे कसं ओळखायचं, आणि टेस्ट कधी करायची?

नोंदवही

गेल्या आठ चक्रांची लांबी देते. पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १, पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलंय: ३१, ४४, ३८, ५२, ३५, ४१, २९, ४७.

ॲप सरासरी ४० धरतं आणि दर वेळी २१ ते २६ हे 'सुपीक दिवस' दाखवतं. सध्या चालू चक्राचा ४३ वा दिवस आहे. एलएच (अंडं फुटायच्या आधी उसळणारं संप्रेरक) मोजणाऱ्या पट्ट्या (ओव्ह्युलेशन किट) वापरल्या. १८ आणि १९ व्या दिवशी रेघ बऱ्यापैकी गडद आली, मग फिकट झाली, आणि ३१ व्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गडद आली. ४१ व्या दिवशी घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली, निगेटिव्ह.

प्रश्न तीन. दोनदा गडद रेघ आली तर खरी कुठली धरायची? इतक्या कमी-जास्त चक्रात पट्ट्या कधीपासून सुरू करायच्या? आणि 'पाळी चुकल्यावर टेस्ट करा' म्हणतात, पण पाळीची तारीखच ठरलेली नसेल तर चुकली हे ठरवायचं कसं?

---

निशिगंध

ॲप आधी बाजूला ठेवा, ताई. ते सरासरीतून १४ वजा करतं, एवढंच त्याचं गणित. तुमच्याच आकड्यांवर ते तपासून बघू.

चक्राचे दोन भाग असतात. पाळीपासून अंडं फुटेपर्यंतचा पहिला भाग आणि अंडं फुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा दुसरा. दुसरा भाग एकाच बाईत फारसा हलत नाही. बहुतेकींत तो १२ ते १४ दिवसांचा असतो, ११ ते १७ पर्यंतही चालतो. चक्र लांबतं ते पहिला भाग लांबल्यामुळे. म्हणजे दुसरा भाग १४ चा धरला तर तुमच्या आठ चक्रांत अंडं साधारण १७, ३०, २४, ३८, २१, २७, १५ आणि ३३ व्या दिवशी फुटलं असणार. ॲपच्या २१ ते २६ या दिवसांत त्यातले फक्त दोन बसतात. ॲप बिघडलेलं नाही, पण सरासरीवरून पुढचा दिवस सांगायला आकडे एकमेकांच्या जवळ असावे लागतात. तुमचे नाहीत.

जुनी कॅलेंडर पद्धतही इथे उपयोगाची नाही. तिचा नियम असा: सर्वांत लहान चक्रातून १८ वजा केले की पहिला सुपीक दिवस, सर्वांत मोठ्यातून ११ वजा केले की शेवटचा. तुमच्या बाबतीत २९ − १८ = ११ आणि ५२ − ११ = ४१. म्हणजे ११ ते ४१, सलग एकतीस दिवस. महिनाभराला 'खिडकी' कोण म्हणेल! (याच कारणासाठी अशा चक्रात दिवस मोजून गर्भधारणा *टाळायचा* प्रयत्नही करू नये.)

आता मुख्य गोष्ट. अनियमित चक्रात पाळीपासून पुढे मोजायचं नसतं. अंडं फुटल्याचा दिवस शोधायचा आणि पुढचं सगळं, टेस्टसुद्धा, तिथून मोजायचं. तो दिवस एका खुणेवरून ठरत नाही. पट्टी सांगते 'फुटायची तयारी झाली', स्त्राव सांगतो 'जवळ आलंय', आणि पहाटेचं तापमान सांगतं 'फुटून गेलं'. तुम्ही फक्त पट्टीबद्दल लिहिलंय. तापमान आणि स्त्रावाच्या नोंदी असतील तर टाका, मग दोन गडद रेघांचा उलगडा होईल.

---

नोंदवही

तापमान २२ व्या दिवसापासून घेतलंय, दोन दशांश दाखवणारा थर्मामीटर. २२ ते २५ सगळे आकडे ३६.३५ ते ३६.४५ च्या मधले. पुढे:

दिवस २६: ३६.४१
२७: ३६.३६
२८: ३६.८० (रात्रभर जागरण, दीड तास झोप)
२९: ३६.४४
३०: ३६.३८
३१: ३६.४२
३२: ३६.३५
३३: ३६.५८
३४: ३६.६६
३५: ३६.७१
त्यानंतर आजपर्यंत ३६.६५ ते ३६.७५.

स्त्राव २९ ते ३१ या दिवसांत पारदर्शक आणि तार सुटणारा, ३२ ला घट्ट झाला. संबंध २६ आणि ३० व्या दिवशी.

---

निशिगंध

नोंदी उत्तम ठेवल्यात, यावरून उत्तर निघतं.

तापमान वाचायचा नियम 'सहावर तीन'. सलग तीन आकडे आधीच्या सहा आकड्यांपेक्षा वर हवेत, आणि तिसरा त्या सहातल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा निदान ०.२ अंशाने जास्त हवा. २८ व्या दिवसाचा ३६.८० खोडा. निदान तीन तास सलग झोप झाल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी आणि रोज साधारण त्याच वेळी घेतलेला आकडाच धरायचा. ताप, जागरण, आदल्या रात्रीची दारू, उशिरा जाग येणं, यांतलं काही असेल तर आकडा लिहा, शेजारी कारण लिहा आणि हिशेबातून वगळा. वगळलात तर मागचा एक दिवस जोडून सहा पुरे करायचे.

मग सहा आकडे उरतात २६, २७, २९, ३०, ३१ आणि ३२ या दिवसांचे. त्यातला मोठा ३६.४४. नंतरचे ३६.५८, ३६.६६, ३६.७१ तिन्ही त्याच्या वर, आणि तिसरा ०.२७ ने वर. नियम पुरा झाला. तापमान चढायच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३२ व्या दिवसाच्या आसपास अंडं फुटलं. एखाददुसरा दिवस इकडे-तिकडे धरा, यापेक्षा बारीक घरी सांगता येत नाही.

बाकीच्या खुणाही तिथेच येतात. पट्टी ३१ ला संध्याकाळी गडद. एलएच उसळायला लागल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत अंडं फुटतं. तार सुटणाऱ्या स्त्रावाचा शेवटचा दिवस ३१. तिन्ही खुणा एकाच ठिकाणी बोट दाखवतात.

१८-१९ ची रेघ मग काय होती? तो फसलेला प्रयत्न. एक फॉलिकल (अंडं असलेली लहान पिशवी) वाढायला लागलं, एलएच वर गेलं, पण अंडं फुटलं नाही. फुटलं असतं तर २२ ते ३२ पर्यंत तापमान खाली राहिलं नसतं, आणि ३४-३५ च्या आसपास पाळी तरी आली असती किंवा टेस्ट तरी पॉझिटिव्ह. लांब चक्रांत असे एक-दोन खोटे उठाव नेहमीचे.

---

केवडा

पट्ट्यांबद्दल. बहुतेक चुका इथेच होतात.

प्रेग्नन्सी टेस्टमध्ये फिकट रेघही पॉझिटिव्ह असते. एलएचच्या पट्टीत *तसं नसतं*. शरीरात थोडं एलएच कायमच असतं, त्यामुळे फिकट रेघ जवळपास रोज दिसते. टी (टेस्ट) रेघ सी (कंट्रोल) रेघेइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद असेल तरच पॉझिटिव्ह. 'बऱ्यापैकी गडद' ही निगेटिव्हच. तुमची १८-१९ ची रेघ त्यातलीच असावी असा माझा अंदाज.

वेळ: सकाळची पहिली लघवी नको. एलएचची उसळी बहुधा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. दुपारी दोन ते रात्री आठ ही वेळ बरी, रोज एकच. (काही डिजिटल किटना मात्र सकाळचीच लागते, पाकिटावरची सूचना पाळा.) आधी दोन तास पाणी बेताचं प्या, नाहीतर लघवी पातळ होऊन खरी उसळीही फिकट दिसते. पट्टी 'मॅक्स' रेषेच्या वर बुडवू नका. दिलेल्या मिनिटाला वाचा, नंतर बदललेला रंग धरू नका. रोज त्याच मिनिटाला फोटो काढून दिवस लिहून ठेवलात तर चढउतार एका नजरेत दिसतो.

सुरुवात कधी? सर्वांत लहान चक्रातून १७ वजा: २९ − १७ = दिवस १२. आता १२ पासून रोज एक लावली आणि अंडं ३८ ला फुटलं, तर एका चक्रात पंचवीस-सव्वीस पट्ट्या संपतात. म्हणून स्त्रावाला पहारेकरी नेमा. कोरडे किंवा चिकट दिवस असतील तोवर एक दिवसाआड. ओलसर, निसरडं वाटायला लागलं की रोज. रेघ गडद होत चालली की दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, कारण काहींच्यात उसळी बारा तासांतच ओसरते आणि दिवसाला एक पट्टी तिला चुकवते. गडद आल्यावरही तापमान चढेपर्यंत पट्ट्या बंद करू नका. तुमच्यासारख्या चक्रात पहिली गडद रेघ शेवटची असेलच असं नाही.

पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरकांशी निगडित विकार) असेल तर एलएचची पातळी मुळातच वर असू शकते. मग पट्टी आठवडाभर गडदच दिसते आणि तिचा काही उपयोग राहत नाही. तिथे स्त्राव आणि तापमान, नाहीतर सरळ सोनोग्राफी. आणखी एक, क्लोमिफीनच्या (अंडं वाढवण्यासाठीच्या) गोळ्या चालू असतील तर शेवटच्या गोळीनंतर निदान तीन दिवस पट्टी लावू नका, खोटी गडद येते.

स्त्राव बघताना घोळ कुठे होतो तेही सांगते. संबंधांनंतर दुसऱ्या दिवशीचा ओलेपणा वीर्याचा असू शकतो, तो दिवस प्रश्नचिन्हाने लिहा. अंडं फुटण्याच्या वेळचा स्त्राव अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकासारखा असतो, बोटांमध्ये न तुटता दोन-तीन सेंटिमीटर ताणला जातो. खाज, वास, हिरवट-पिवळा रंग किंवा दह्यासारख्या गुठळ्या असतील तर तो जंतुसंसर्ग, त्यावर उपचार घ्या. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी हा स्त्राव सुकतो, तेही नोंदीत असू द्या.

---

टोपणनाव

पट्टी गडद झाल्यावरच संबंध ठेवायचे, हा गैरसमज खूप आहे म्हणून लिहितो. अंडं फुटल्यावर १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू चांगल्या स्त्रावात पाच दिवसांपर्यंत. म्हणून सुपीक दिवस सहा: फुटायच्या आधीचे पाच आणि फुटण्याचा एक. त्यातही आधीचे दोन दिवस सर्वांत चांगले. या चक्रात २७ ते ३२ हे ते दिवस, म्हणजे ३० वा बरोबर पडलाय, २६ चा उपयोग जवळपास नाही.

अनियमित चक्रात सोपा मार्ग म्हणजे पाळी संपल्यापासून तापमान चढेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी. तारखेच्या मागे धावावं लागत नाही, आणि घरात त्या एका रात्रीचं दडपणही येत नाही. बाजारातली बरीच वंगणं शुक्राणूंची हालचाल मंदावतात, लाळही. लागलंच तर गर्भधारणेसाठी चालेल असं लिहिलेलं घ्या.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी झालीय का? पट्ट्या, थर्मामीटर, सोनोग्राफी सगळं बाईच्या वाट्याला आणि एक साधी तपासणी वर्षभर राहून जाते. दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळून नमुना द्यायचा, बाकी त्यात काही नाही.

---

नोंदवही

बरंच उलगडलं. वीर्यतपासणी झालेली नाही, करून घेऊ. ४१ व्या दिवसाची निगेटिव्ह टेस्ट मग कशी धरू? आणि डॉक्टरांनी 'डे २१ प्रोजेस्टेरॉन' ही रक्ततपासणी लिहून दिली होती ती पुढच्या चक्रात करायचीय.

---

काचपट्टी

दोन्हीची चूक एकच: दिवस पाळीपासून मोजलाय.

आधी टेस्ट. अंडं ३२ ला फुटलं असेल तर ४१ वा दिवस म्हणजे नववा. गर्भ गर्भाशयात रुजतो तो बीजमोचनानंतर (अंडं फुटल्यावर) ६ ते १२ दिवसांत, बहुतेक वेळा आठव्या ते दहाव्या दिवशी. रुजल्याशिवाय एचसीजी (टेस्ट जे शोधते ते गर्भाचं संप्रेरक) तयार होऊन लघवीत येत नाही. नवव्या दिवसाची निगेटिव्ह टेस्ट काहीच सांगत नाही, ती विसरा. चौदावा दिवस म्हणजे चक्राचा ४६ वा. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीवर करा (इथे सकाळचीच, एलएचच्या उलट). निगेटिव्ह आली आणि पाळीही नाही, तर ४९-५० ला पुन्हा. तापमान सलग १८ दिवस वर राहिलं तर गर्भधारणेची शक्यता बरीच, मग पट्टी काहीही म्हणो, रक्तातलं बीटा एचसीजी करून घ्या. तापमान उतरलं तर एक-दोन दिवसांत पाळी येईल, पट्टी वाया घालवू नका.

ज्यांना बीजमोचनाचा दिवस अजिबात माहीत नाही त्यांनी शेवटच्या असुरक्षित संबंधांपासून २१ दिवस मोजावेत. त्या दिवशीची निगेटिव्ह टेस्ट भरवशाची.

पट्टी दिलेल्या वेळेतच वाचा. तासाभराने उमटलेली राखाडी, बिनरंगाची रेघ वाळल्यामुळे येते, ती पॉझिटिव्ह नाही. अंडं फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते इंजेक्शनच दहा ते चौदा दिवस टेस्ट पॉझिटिव्ह दाखवू शकतं.

आता प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अंडं फुटल्यावर वाढणारं संप्रेरक. २१ हा आकडा २८ दिवसांच्या चक्रातून आलाय: १४ ला अंडं फुटतं, सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉन शिखरावर. तुमच्या ४४ दिवसांच्या चक्रात २१ व्या दिवशी अंडं फुटलेलंच नसतं. रिपोर्ट ०.५ येतो आणि 'अंडं तयार होत नाही' असा शिक्का बसतो. लॅबला दोष नाही, रक्त चुकीच्या दिवशी काढलं गेलं. तापमान चढल्यावर सहा-सात दिवसांनी नमुना द्या. तापमानाचा भरवसा नसेल तर २८ व्या दिवसापासून पाळी येईपर्यंत दर आठवड्याला एकदा असं डॉक्टर सांगतात. ३ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर आलं म्हणजे अंडं फुटलंय. रिपोर्टवर एकक वाचा. काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर असतं, तिथे ३ चे साडेनऊ होतात, आणि दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून उगाच घाबरायला होतं.

एक अपवाद. कधी कधी फॉलिकल न फुटताच प्रोजेस्टेरॉन करायला लागतं. मग तापमान चढतं, रक्तही ठीक येतं, पण अंडं बाहेर पडलेलंच नसतं. हे फक्त फॉलिक्युलर स्टडीत कळतं. त्यात योनिमार्गातून सोनोग्राफी करून फॉलिकल मोजतात, ते रोज दीड-दोन मिलिमीटर वाढतं, १८ ते २४ मिलिमीटरच्या आसपास फुटतं, फुटल्यावर आक्रसतं आणि मागे थोडं पाणी दिसतं. लांब चक्रात ठरलेल्या दिवसांवर तीन-चार चकरा मारून 'फॉलिकल वाढलं नाही' असं ऐकून घरी येण्यापेक्षा पुढची तारीख फॉलिकलच्या मापावरून ठरवायला सांगा.

---

केवडा

चक्रं इतकी का हलतात तेही शोधा. प्रौढ बाईत २४ ते ३८ दिवस सर्वसाधारण, आणि लहान-मोठ्या चक्रात आठ-नऊ दिवसांहून जास्त फरक म्हणजे अनियमित. तुमचा फरक २३ चा आहे. पस्तिशीच्या आत एक वर्ष आणि पुढे सहा महिने वाट बघा, हा सल्ला नियमित पाळीवाल्यांसाठी. तुम्ही आत्ताच दाखवा.

टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं संप्रेरक) या पहिल्या दोन तपासण्या. प्रोलॅक्टिन झोपेत चढतं, म्हणून जाग आल्यावर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून रक्त द्या, धावतपळत जाऊन नाही. एफएसएच (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक), एलएच पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. चेहऱ्यावर जाड केस, मुरुमं असतील तर टेस्टोस्टेरॉनही. अचानक वजन घटणं-वाढणं, अति व्यायाम, अंगावर पाजणं, नुकतंच बंद केलेलं गर्भनिरोधक इंजेक्शन (त्याचा परिणाम जायला दहा महिनेही लागू शकतात), हे डॉक्टरांना न विचारता सांगा. नव्वद दिवस पाळीच आली नाही तर थांबू नका. गर्भधारणा नाही याची खात्री करून गोळ्यांनी पाळी आणावी लागते, कारण गर्भाशयाचं अस्तर महिनोन् महिने जाड होत राहणं धोक्याचं.

फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आजपासून. टेस्ट पॉझिटिव्ह यायची वाट बघत बसायचं नाही. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल, मधुमेह किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर मात्रा जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतील.

---

निशिगंध

४६ ला पॉझिटिव्ह आलीच तर एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. दवाखान्यात शेवटच्या पाळीची तारीख विचारतील आणि त्यावरून ६ आठवडे ३ दिवस लिहितील. तुमच्या नोंदींप्रमाणे तेव्हा ४ आठवडे पूर्ण झालेले असतील, १७ दिवसांचा फरक. त्याच आठवड्यात सोनोग्राफी केली तर गर्भाची पिशवीही दिसणार नाही, मग हृदयाचे ठोके कुठले! 'वाढ नाही' असं ऐकून गर्भपाताच्या गोळ्या घेण्याची वेळ येऊ नये. पट्ट्यांचे फोटो आणि तापमानाचा कागद दाखवा आणि खऱ्या सातव्या आठवड्यात, म्हणजे चक्राच्या ६७ व्या दिवसाच्या आसपास सोनोग्राफी ठरवा. शंका असेल तर ७ ते १४ दिवसांनी पुन्हा बघतात, पहिल्याच सोनोग्राफीवर निकाल लावत नाहीत. प्रसूतीची तारीख बीजमोचनाच्या दिवसात २६६ मिळवून काढा. शेवटी पहिल्या तीन महिन्यांत मोजलेली गर्भाची लांबी जी तारीख देईल तीच डॉक्टर धरतील.

मात्र टेस्ट पॉझिटिव्ह असताना पोटात एका बाजूला दुखलं, खांद्याच्या टोकाला कळ आली, चक्कर आली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर 'अजून लवकर आहे' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना. गर्भ नळीत अडकला असेल तर तो असाच कळतो. तिथे बीटा एचसीजी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात. थोडं रक्त गेलं म्हणून 'पाळी आली' असं धरून नवा दिवस १ लिहू नका. नेहमीच्या दिवसांसारखं जात नसेल तर आधी टेस्ट.

---

नोंदवही

४६ ची टेस्ट आणि ५० ची दुसरी, तापमान तोवर चालू. पट्ट्यांचे फोटो दिवसवार एका जागी लावून ठेवते. १८-१९ चे फोटो आत्ता पुन्हा पाहिले, टी रेघ सी पेक्षा खरंच फिकट आहे.